शेजारचे ऑर्गनकाका

आमच्या ऑर्गनकाकांच्या मते या जगातली निम्मी दुःखं बेसूर वस्तूंमुळे निर्माण झाली आहेत. इथे परदेशात, पार्सिपनी गावातल्या घरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी हे सत्तरीचे इंग्रज गृहस्थ दारात उभे राहिले आणि ओळखपाळख न करता म्हणाले, "तुमची दारावरची बेल सुरातून उतरली आहे. मधली भिंत पातळ आहे, मला ऐकू येते." मग घरी जाऊन स्वतः केलेला केक घेऊन आले. जवळच्या चर्चमध्ये ते कैक वर्षं ऑर्गन वाजवत होते. ते वाद्य पायांनीही वाजवावं लागतं. त्यासाठीचे पातळ तळव्यांचे बूट ते कापडी पिशवीत तान्ह्या बाळासारखे जपून नेत. त्या बुटांना रस्ता कधी दिसला नाही. शिवाय ते स्तोत्रांना चाली लावत आणि हाती येईल त्या कागदावर लिहीत. एकदा प्रवचन संपून मंडळी गायला उभी राहिली, तरी काका पिझ्झाच्या मेनूकार्डावर खाडाखोड करत बसलेले. पाद्रीबुवा दोनदा खाकरले, तेव्हा वर न बघता म्हणाले, "एक मिनिट, शेवटची ओळ अडली आहे."

एका उन्हाळ्यात माझी आई कुडाळहून सहा महिन्यांसाठी आली. मागच्या अंगणात झाडांना पाणी घालताना ती जात्यावरच्या ओव्या गुणगुणायची. कुंपणापलीकडे काका कागद-पेन्सिल घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी ते तक्रार घेऊन हजर. "काल तुम्ही हे वेगळं गायलात."

माझ्या मुलीने ते मोडक्यातोडक्या मराठीत आजीला सांगितलं. आई म्हणाली, "काल वांग्यांना पाणी घालत होते, आज भेंडीला. रोज तेच कसं गाईन? साहेबांना म्हणावं, बसा, चहा घ्या."

काकांना मुलीकडून याचा अर्थ कळला. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि बसले. पुढे रोज दुपारी यायचे. आई मराठीत बोलायची, ते इंग्रजीत. कुणाला कुणाचं काही कळत नसे, पण चहा निवेपर्यंत गप्पा चालत.

आई परत गेली आणि त्याच हिवाळ्यात वारली. माझा व्हिसा अडकला होता. गेलो असतो तर परत येता येईल याची खात्री नव्हती. तिचे अंत्यविधी मी फोनवर पाहिले. दुपारी काका आले. "कोट घाल," एवढंच म्हणाले. रिकाम्या चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवून त्यांनी सावकाश बूट बदलले आणि आईची ओवी वाजवायला घेतली. एकदा, मग पुन्हा, मग आणखी. दर वेळी थोडी निराळी. तोवर मला रडू आलं नव्हतं. वाजवून झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "ती मला कागदावर धरता आली नाही. म्हणून पाठ केली."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, तसे ते इंग्लंडला बहिणीकडे राहायला गेले. मी रविवारी फोन करतो. तब्येत, हवा, मुलीचं कॉलेज, एवढं बोलून झालं की विषय संपतात. तरी मी फोन ठेवत नाही. पलीकडे कपबशीचा बारीक आवाज येत राहतो. तेही ठेवत नाहीत.