दोन पंखांचं बी

दाजी, म्हणजे बेबीताईचे यजमान दादाराव, चंद्रपूरकडच्या जंगलात तीस वर्षं वनरक्षक होते. रिटायर झाल्यावर मुलानं, उज्ज्वलनं, दोघांना सिंगापूरला नेलं. बुकित बातोकच्या फ्लॅटमधून बुकित तिमाचा डोंगर दिसायचा. सकाळी धुकं असलं की डोंगर नाहीच, नुसतं हिरवं काहीतरी हवेत तरंगतंय. दाजी चहा घेऊन बघत बसायचे. याला डोंगर म्हणतात का, म्हणून हसायचे, आणि दर रविवारी चढायला जायचे.

एकदा आडवाटेवर एक बी वरून भिंगरीसारखं फिरत फिरत आलं, दोन पंखांचं, आणि दाजींच्या पायाशी बसलं. त्यांनी खिशात टाकलं. घरी सून एकता म्हणाली, बाबा, राखीव जंगल आहे ते, तिथलं पानसुद्धा उचलायचं नसतं.

दाजींचा चेहराच उतरला. तीस वर्षं बायांच्या डोक्यावरच्या मोळ्या उतरवल्या, आणि आता त्यांच्याच खिशात चोरीचा माल. एकता म्हणाली, राहू द्या, कोण बघतंय. दाजी म्हणाले, "मोळीवालीपण हेच म्हणायची."

परत ठेवायला गेले तर डोंगर बंद. वाटांची दुरुस्ती काढलेली, दोन वर्षांची. मधली मोठी वाट पुढं शनिवार-रविवार उघडली, पण आडवाट बंदच. ताई म्हणाली, मोठ्या वाटेवर टाका की. ऐकतील तर दाजी कसले. बी काड्यापेटीत ठेवलं आणि ताईकडून जागा पाठ करून घेतली. दुसऱ्या वळणापासून चाळीस पावलं, भिंतीसारख्या मुळांचं झाड.

"आता उगवायचं नाही ते," म्हणायचे. "पण तिथल्या वाळवीचं आहे."

दोन हजार सोळा साली आडवाट उघडली. दाजी त्याच्या दोन महिने आधी झोपेतच गेले.

ताईचे गुडघे दुखतात, तरी उज्ज्वलला घेऊन गेली. आत सगळं ओलं, हिरवं, पाण्याखाली चालल्यासारखं. दुसऱ्या वळणापासून मोजत निघाली. चाळीस झाली, झाड नाही. उज्ज्वल म्हणाला, आई, ठेव इथंच.

ताई थांबली, पायाकडं बघितलं. "ही माझी पावलं झाली रे. त्यांची लांब होती."

परत वळणाशी गेली. साडी जरा उचलली आणि दाजींसारख्या ढांगा टाकत चालली, जशी तीस वर्षं त्यांच्या मागून चालायची. चाळिसाव्याला हात पुढं केला तर मुळाची ओली भिंत हाताला लागली.

बी ठेवलं. रिकामी काड्यापेटी तेवढी घरी आणली.