वैशाखातली नोंद

खरा राग मला स्वतःचाच आहे, पण तो काढायला ग्रामपंचायत बरी पडते, म्हणून आधी तिचं सांगतो.

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या आमच्या गावात जैवविविधता समिती झाली. शिवारात कोणती झाडं, गवतं, पाखरं आहेत ते नोंदवहीत लिहायचं आणि पंचायतीनं ते जपायचं, एवढंच काम. मी निवृत्त मास्तर, त्यात अक्षर चांगलं, म्हणून लेखणी माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे गावकीची सगळी कामं वैशाखात उरकतात, कारण तेव्हा शेतं रिकामी आणि माणसं मोकळी. तेव्हा भर उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून, आम्ही गावामागच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर गेलो. नुसती भेगाळलेली काळी माती!

तिथे एक बाई वर्षानुवर्षं बकऱ्या चारते. तिला समितीत कोणी घेतलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? हिवराच्या सावलीतून ती म्हणाली, "मास्तर, आता काय दिसन तुमाले? सरावनात या. गवतात तितराचे अंडे दाखवीन."

सगळे हसले. घरी आमरस वाट पाहत होता. मी गवताच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं, पाखरांच्या रकान्यात 'काही नाही', झाडांपुढे 'काटेरी झुडपं', आणि खाली झोकात सही ठोकली.

पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर तिथे जेसीबी आला. कशासाठी? तर वृक्षारोपणासाठी! हिवर-बोरी उपटायच्या आणि गुलमोहर लावायचे. आता या अकलेला काय म्हणावं! मी धावत गेलो, चारचौघांत सरपंचावर ओरडलो. तो गडी शांत. त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली.

"हे अक्षर तुमचंच व्हय ना, मास्तर? तुमीच लिवलं, तिथं काई नाई."

समोर हिवर उभा होता, तो त्याला दिसत नव्हता का? दिसत होता. पण खाली सही माझीच होती. संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली.

श्रावणात मी नवी वही घेऊन तिथे गेलो. खड्ड्यांत रोपांनी माना टाकल्या होत्या आणि बाजूला वृक्षारोपणाची पाटी तेवढी ताठ उभी होती. बाई सडकेच्या कडेला होती. तिथे सगळा तरोटा माजलेला, आणि बकऱ्या त्याला तोंड लावेनात. मी म्हटलं, "बाई, इथं काय काय होतं ते सांग. या खेपेला सगळं नीट लिहितो."

"गवतात पवन्या होता," ती म्हणाली. "मारवेल होता. तिकडं बोरीखाली..." तिची नजर माझ्या वहीवर गेली.

"आता लिवून काय करता, मास्तर? माह्या बकऱ्याईले वाचता येते काय?"