ओवारेच्या पटाची मखमल

आयर्लंडमधल्या नासला आमच्या शेजारी घानाची एक नर्स राहते. २०२१च्या सुरुवातीला कुणाच्या घरात जायची सोय नव्हती, तेव्हा आमची मैत्री मागच्या भिंतीवरूनच चालायची. किचनची कपाटं डिझाइन करणं हे माझं काम, पण ते थंडावलं होतं आणि हात शिवशिवत होते. अशात एक दिवस ती म्हणाली, "मला ओवारेचा पट करून देशील? नातवंडांपर्यंत टिकेल असा."

ओवारे म्हणजे समोरासमोर सहा-सहा खळगे आणि अठ्ठेचाळीस बिया. एका खळग्यातल्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायच्या. ती रोज संध्याकाळी फोनवरून वडिलांशी खेळायची. त्यांचा पट तिकडे घानातल्या कुमासीत, हिचा म्हणजे अंड्यांचा प्लास्टिकचा ट्रे. बिया मात्र माहेरच्या. एक हरवली म्हणून तिच्या जागी कोटाचं बटण. मी बघते तर काय, बिया म्हणजे चक्क आपले सागरगोटे! भिंतीपाशी उभ्या उभ्या मी चार उडवून झेलूनही दाखवले.

महिनाभर खपले. अक्रोडाचं लाकूड, मधे पितळी बिजागऱ्या, मिटला की काखेत मावेल असा पट. आणि पिढीजात वस्तू म्हटलं की मला आईची दागिन्यांची पेटीच आठवते, म्हणून प्रत्येक खळग्याला आतून लाल मखमल. इतका देखणा झाला की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं.

पहिल्या डावाला तिनं पट अंगणात मांडला, फोन स्पीकरवर ठेवला. मी भिंतीअलीकडे चहा घेऊन उभी. तिनं चाल केली.

"सुरू कर की," वडील म्हणाले.

"केलं, बाबा." तिनं बिया उचलून पुन्हा टाकल्या.

"टाकतेयस की नुसती बसलीयस?"

तिनं फोनवर हात ठेवला. "त्यांना काचबिंदू आहे. दिसत नाही. कुठल्या खळग्यात बी पडली ते आवाजावरून ओळखतात. मीच तुला आधी सांगायला हवं होतं. असू दे, इट्स ग्रँड." आणि ती ट्रे आणायला आत गेली.

इथं 'चालेल'ला म्हणतात त्या 'ग्रँड'नं मी ओशाळले. महिनाभर लाकडाचा विचार केला, पण ही दोघं खेळतात कशी, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळी मखमल खरवडली, डिंक घासून काढला, लाकूड उघडं केलं. भारतातून येताना आईनं बॅगेत कोंबलेल्या पुरचुंडीतला एक सागरगोटाही पटासोबत भिंतीवरून दिला.

संध्याकाळी डाव निम्म्यावर आला असताना तिनं चाल केली. टक्, टक्, टक्, टक्.

"बटण कुठं गेलं?" वडिलांनी विचारलं.

"त्याच्या जागी शेजारणीच्या आईची बी आलीय, बाबा."

"मग त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले, "आणि आता नीट खेळ. हरतेयस तू."