ॲटिकमधला अँटेना

त्या खोक्यावर चंदेरी अक्षरांत 'डिजिटल अँटेना' असं छापलेलं होतं, आणि ते छापणाऱ्याचा मला आजही राग येतो. अँटेना डिजिटल नसतो. अँटेना म्हणजे ठरलेल्या मापाच्या चार नळ्या. हवेतून त्यांच्यावर काय येऊन आदळतंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. हे मला आता माहीत आहे. त्या वेळी आमच्या घरात ते फक्त एका माणसाला माहीत होतं आणि त्यालाच आम्ही विचारलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. आई गेल्यावर वर्ध्याच्या घराला कुलूप लावून २००८ च्या मे महिन्यात मी त्यांना अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आमच्याकडे आणलं. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. मला ते जायला नको होते. कायमचं राहण्यासाठी लागणारे फॉर्म मी भरून ठेवले होते, फक्त त्यांची सही हवी होती. मी विषय काढला की बाबा म्हणायचे, "बघू." मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणणारे ते नव्हते, पण मुलीच्या घरी आपल्यासाठी वेगळं काही करायला लावायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. चहा दोनदाच. फोन आम्ही लावून दिला तर. त्यांच्या खोलीत केबल जोडून देतो म्हटलं तर, "नको, मला काय करायचीय?"

त्या खोलीत आमच्या विद्यार्थीदशेतला एक छोटा टीव्ही होता, वर दोन दांड्यांचा अँटेना असलेला. तो मात्र ते मनापासून बघत. दुपारचं हवामान, सरकारी मदतीवर चालणाऱ्या चॅनेलवरचे सुतारकामाचे कार्यक्रम. हवेतून येतं त्याला कोणाचं मिंधं व्हावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात पडद्याच्या तळाशी रोज एक पट्टी सरकू लागली: येत्या फेब्रुवारीपासून जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद, सगळं डिजिटल, जुन्या टीव्हीवर काही दिसणार नाही. बाबांनी ती चार-पाच दिवस वाचली आणि एकदा जेवताना म्हणाले, "म्हणजे फेब्रुवारीच्या आत अँटेनाचं बघायला पाहिजे."

मी घास हातात धरून बसले. नोव्हेंबरला जाणारा माणूस फेब्रुवारीचं बोलत होता. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यालाही कळलं होतं. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की बाबांना उत्तमातला उत्तम अँटेना आणून द्यायचा. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढचं सगळं आम्ही आमच्या शहाणपणाने बिघडवलं.

नवरा विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो. त्याने एक्सेल शीट उघडलं. बावीस अँटेने, प्रत्येकाचे स्टार, प्रत्येकाचे गुण. भाजी आणायची तरी शीट करणारा माणूस, त्याचं मला एरवी हसू येतं. "फोर अँड हाफ स्टार्स आहेत अगं, रिव्ह्यूज वाचलेत मी सगळे," असं म्हणत त्याने तो चंदेरी अक्षरांचा खोका आणला. आत पाटीसारखी एक सपाट चकती. जुन्या टीव्हीवर डिजिटल चित्र दाखवणारा, सरकारी कूपनवर मिळालेला कन्व्हर्टर बॉक्स आम्ही जोडला, चकती खिडकीत लावली. हवामान सांगणाऱ्या बाईचा चेहरा चौकोनांत फुटला आणि तसाच थिजला.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "असं नाही जमणार. उंचावर पाहिजे, आणि तोंड टॉवरकडे."

"बाबा, ते ॲनालॉगचं झालं," नवरा म्हणाला. "डिजिटलचं वेगळं असतं."

आणि मी मान डोलावली. मी! जिने लहानपणी या माणसाला आख्ख्या आळीचे अँटेने लावताना बघितलं होतं. बाबा टेलिफोन खात्यात होते. वर्ध्यात टीव्ही आला तेव्हा चित्र नागपूरहून यायचं, आणि आमच्या आळीत कोणाचं चित्र गेलं की बाबांना बोलावणं यायचं. बाबा गच्चीवर पाइप फिरवायचे, खाली अंगणात एक जण, आणि टीव्हीसमोरच्या खिडकीत मी. "आलं का?" गच्चीवरून हाक. "आलं!" मी ओरडायची. "गेलं! थोडं मागे! आलं, आलं!" पूर्ण आळीत माझ्या आवाजावर पाइप थांबायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग छपरावर लावू म्हटलं, तर सोसायटीच्या नियमांची चोपडी निघाली. दर्शनी बाजूला अँटेना लावायला मनाई. म्हणे शोभा जाते. नवरा म्हणाला, "कशाला उगाच लेटर ओढवून घ्यायचं?" नंतर कळलं की असं अडवायचा सोसायटीला हक्कच नव्हता, कायदा आमच्या बाजूने होता. पण तेव्हा आम्ही विचारलंसुद्धा नाही. या देशात आमच्यासारखी माणसं एकमेकांना दरडावून बोलतील, पण छापील पत्रासमोर ब्र काढणार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड होतो ते आठवलं की.

मग इथल्या मराठी मंडळातले एक काका भेटले. गणपतीच्या कार्यक्रमात पुरीभाजीची प्लेट हातात घेऊन त्यांनी आम्हाला अर्धा तास समजावलं. "बूस्टरवाला घ्या. डोळे झाकून घ्या." आम्ही डोळे झाकून घेतला. चित्र होतं तेही गेलं. पुढे दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे गेले तेव्हा बघितलं, त्यांच्या तिन्ही टीव्हींना केबल. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी कधी अँटेना लावलेलाच नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मंडळात तोटा नाही, पण गणपतीत मला ते माहीत नव्हतं, आणि आता सप्टेंबर संपत आला होता.

एका शुक्रवारी मी घरून काम करत होते. बाबा सकाळच्या फेरीहून परतले ते खांद्यावर एक लांबलचक सांगाडा घेऊन. मोठ्या रस्त्यापलीकडे जुनी घरं आहेत. तिथे कचऱ्याच्या गाडीसाठी कोणीतरी छपरावरचा जुना अँटेना काढून ठेवला होता. बाबांनी तो उचलला आणि मैलभर, आमच्या गल्लीतून, सगळ्या गॅरेजांसमोरून चालत आणला. चेहरा असा फुललेला की आई गेल्यापासून मी तसा बघितला नव्हता.

"बघ काय मिळालं," ते म्हणाले. "नळ्या एकदम सरळ आहेत. नुसत्या पुसल्या की झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरची बाई पोर्चमध्ये उभी राहून हात हलवत होती, तिचं ते हसू मला सहन झालं नाही. "बाबा, कचऱ्यातलं उचलून आणलंत? लोक काय म्हणतील? हे वर्धा नाहीये!"

"काहून ओरडतेस?" ते हळू म्हणाले. "कोणाचं चोरलं नाही."

"आम्ही आणतोय ना नवीन! तुम्ही यात पडू नका. प्लीज."

त्यांनी तो सांगाडा गॅरेजच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही असा, भिंतीशी टेकवून ठेवला.  आणि माझं बरोबर आहे अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नवरा बूस्टरवाला अँटेना परत करायला दुकानात गेला. मी बाबांच्या खोलीत पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. वर ॲटिकमध्ये, छपराखालच्या पोकळीत, खुडबुड ऐकू आली. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बघितलं तर ॲटिकची शिडी खाली ओढलेली, आणि काळी वायर वरून बाबांच्या खोलीतल्या कन्व्हर्टरपर्यंत आलेली. म्हणजे कालचा सांगाडा वर चढला होता. मी खोलीत परत आले. टीव्ही चालू होता, नुसता निळा. म्हटलं, करा काय करायचंय ते. ऐकायचंच नाही ना माझं!

आणि एकदम टीव्ही बोलायला लागला. हवामानाची बाई. काचेतून बघावं तशी स्वच्छ, कानातले खडेसुद्धा दिसत होते.

वरून हाक आली, "आलं का?"

मी ऐकलं. हातात बाबांचाच सदरा होता. मी गप्प राहिले. सरळ सांगते, मुद्दाम गप्प राहिले. कालचा राग उतरला नव्हता, आणि त्यांचं बरोबर निघालं याचाही राग आला होता. राहू देत थोडा वेळ ताटकळत.

"आलं का गं?"

मी सदऱ्याची बाही दुमडली.

वर पावलं वाजली. ते शिडीकडे निघाले असणार, जवळ येऊन विचारायला. वर्ध्यात गच्चीवर कुठेही पाय ठेवा, खाली सिमेंटचा स्लॅब असतो. बाबांच्या पायांनी सत्तर वर्षं स्लॅबच बघितला होता. इथे लाकडी तुळयांवर पाय ठेवायचा असतो, मध्ये थंडी अडवायला भरलेल्या गुलाबी कापसाखाली नुसता पुठ्ठ्यासारखा तक्ता. हे त्यांना कोण सांगणार? मी, आणि मी घड्या घालत होते.

छत फाटलं आणि माझ्या डोक्याच्या थोडं पुढे बाबांचा पाय खाली आला. गुडघ्यापर्यंत. लोकरीचा मोजा, वर खरचटलेली नडगी, आणि सगळ्या पलंगावर पांढरा चुरा आणि गुलाबी कापूस.

मी किंचाळले. तुळईला धरून ते कसेबसे वाचले होते. मी शिडीवर चढून त्यांना धरून खाली आणलं आणि ते खाली सुखरूप पोचले तशी भीतीची जागा पुन्हा रागाने घेतली. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. वय बघा. कोणी सांगितलं होतं. पाय मोडला असता तर इथल्या हॉस्पिटलात कोण. बाबा पलंगाच्या कडेला बसून मोज्यावरचा चुरा झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "छताचं नुकसान झालं तुमच्या." तुमच्या म्हणाले. मागे टीव्हीवर पाऊस येणार असं स्पष्ट सांगत होती ती बाई, आणि आमच्यापैकी कोणीही तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने तीही गेली, त्यांच्या धक्क्याने सैल झालेला अँटेना वर फिरला होता.

संध्याकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, नोव्हेंबरचं तिकीट आहे तेच राहू द्या." फॉर्म मी उचलून कपाटात ठेवले. नोव्हेंबरात ते वर्ध्याला परत गेलेच.

पण त्याआधीचा एक शनिवार सांगायचा राहिला. छत दुरुस्त करणारा येऊन गेला होता, ठिगळाचा पांढरा रंग बाकीच्याशी जुळत नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, आता वर मी जाणार. तुळयांवर फळी टाकली, तिच्यावरून रांगत गेले, अँटेनाचा दांडा धरला आणि बाबांनी सांगितलं होतं तसा शहराच्या, म्हणजे टॉवरच्या, बाजूला हळूहळू फिरवला. ते खाली टीव्हीसमोर बसलेत असं मी धरून चालले होते.

"बाबा, आलं का?"

उत्तर नाही.

आणखी थोडा फिरवला. "आलं का, बाबा?"

काही नाही. त्या अंधाऱ्या जागेत, गुडघ्याखाली फळी आणि नाकात कापसाची धूळ, मला पहिल्यांदा समजलं की वरून हाक मारल्यावर खालून काही न येणं म्हणजे काय असतं. मी फळीवरून मागे सरकत शिडीच्या भोकापाशी आले. बाबा टीव्हीसमोर नव्हतेच. शिडीच्या पायथ्याशी, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, मान वर करून उभे होते.

"आलं की नाही ते नंतर बघू," ते म्हणाले. "तू आधी पाय कुठे ठेवतेस ते बघ."

मी तिथेच बसले. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुमची हाक मला ऐकू आली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"टीव्हीचा आवाज मला वरपर्यंत येत होता," ते म्हणाले. शिडीवरचे हात त्यांनी काढले नाहीत. "चित्र आलंय हे मला कळलं होतं. तरी विचारलं."