‘आन्कोरा’तला जोर

माझ्या बायकोला, रुखसानाला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. कुणालाच नाही.

सौदीत, अल खफजीच्या समुद्रात पाइपलाइन टाकणाऱ्या बार्जवर मी दुभाष्या होतो. फोरमन इटालियन, नांगर सोडण्या-ओढण्याच्या विंचवर आपली माणसं. माझं इटालियन मोबाइलवर शिकलेलं — पण इंटरव्ह्यूत छातीठोकपणे ‘येतं’ म्हणालो होतो. मला तिथे चिकटवलं बशीरभाईंनी. आमच्याच श्रीवर्धनचे, विंच चालवण्यात मुरलेले.

इटालियन शब्द तोडून म्हटला की सोपा वाटतो. आन्-को-रा. पण जोर कुठे द्यायचा, ते लिहिलेलं नसतं. बहुतेकदा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर — नेहमीच नाही. ‘को’वर दिला तर ‘अजून’. ‘आन्’वर दिला तर ‘नांगर’. मराठी कानाला या जोराची सवय कुठे असते? — नाही, ही सबब नको. दोन्ही शब्द मला माहीत होते.

त्या सकाळी बार्ज पुढे सरकत होती. नांगर टांगलेला, बशीरभाईंचा हात ब्रेकवर. वॉकीटॉकीवर फोरमन ओरडला, “आन्कोरा!” वाऱ्यात जोर कळला नाही. परत विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर भाषा येत नाही हे उघडं पडलं असतं.

“नांगर सोडा,” मी म्हणालो.

“सोडू? नक्की?”

“हो, सोडा.”

फोरमनला म्हणायचं होतं — अजून पुढे. खाली जुनी पाइपलाइन होती. ती चेपली.

चौकशीत बशीरभाई हिंदीत सरळ बोलले — मी दोनदा विचारलं, हा म्हणाला सोडा. इटालियन साहेबांना हिंदी येत नव्हती. त्यांना ते सांगायचं कुणी? मीच.

मी सांगितलं — तो म्हणतोय, चूक त्याचीच, त्यानेच चुकीचं ऐकलं.

ते वाक्य मी सावकाश म्हटलं, तुकडा तुकडा सुटा करून. एकही जोर चुकला नाही.

बशीरभाईंना फायनल एक्झिट मिळाली — नोकरी गेली, कायमचं घरी. दम्माम विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. माझा खांदा दाबून म्हणाले, “तुझ्यावर येत होतं, तरी तू माझं म्हणणं पोचवलंस. साहेबांनीच मानलं नाही, त्याला तू काय करणार?”

मी बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली.

सुट्टीत गावी गेलो की ते हाक मारतात. ओटीवर बसलेल्यांना सांगतात, “हा इक्बाल. तिकडे माझ्यासाठी साहेबांशी बोलला होता.” मग भाभी चहा आणतात.

मी तो पितो.