अक्काच्या गाण्यातल्या रिकाम्या जागा

माझ्या मेहुण्याने पिंप्राळ्यातल्या घराच्या वरच्या खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून मी तिकडे जाणं टाळत होतो. पण काम माझं होतं. भडगावच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज पूर्वीसारखा राहील असं डॉक्टर छातीठोकपणे सांगायला तयार नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना झोक्यावर गाणी सांगायचं काम गल्लीत वर्षानुवर्षं तिच्याकडे. म्हणून तिने अंगणात बसून माझ्या फोनमध्ये नऊ गाणी म्हटली आणि बजावलं, "मी नाही म्हणू शकले तरी आखाजीला ही वाजली पाहिजेत." त्यात कुकरच्या शिट्ट्या, ट्रॅक्टर आणि तिचा खोकला होता. तेवढं काढायचं होतं, बस.

मेहुण्याने फाइल घेतली आणि त्याचं ते रेकॉर्डिंगचं अवाढव्य सॉफ्टवेअर सुरू केलं. ते सुरू होईपर्यंत चहा झाला. दोन पडदे भरून बटणं, काटे, दिवे. विमान चालवायला बसल्यासारखा तो खुर्चीत सरसावला.

"भाऊजी, टेम्पो काय धरू? गाण्याची लय?"

"अक्काला विचारून ठेवायला हवं होतं."

"तसं नाही. प्रोजेक्टला ग्रिड लागतं. बत्तीस ट्रॅक घेतो."

"अरे, बाई एकच आहे."

"उद्या ढोलकी टाकायची झाली तर? बासरी?"

"खोकला काढ रे आधी."

"खोकला शेवटी. आधी राउटिंग."

राउटिंग म्हणजे आवाज या नळीतून त्या नळीत सोडणं, एवढं मला कळलं. मी तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा रावेरच्या केळीच्या रोपांची जाहिरात ऐकली, कारण या यंत्रणेतून आजवर बाहेर पडलेली तेवढीच कलाकृती होती. तिसऱ्या खेपेलाही अक्का खोकतच होती. फक्त तिच्यामागे आता टेम्पोची घड्याळासारखी टकटक चालू होती.

मी घरी येऊन एक साधं, फुकटचं, फक्त आवाज कापायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं. उघडलं की अक्काचा आवाज डोंगररांगेसारखा समोर. नको तो उंचवटा निवडायचा, पुसून टाकायचा. दहा मिनिटांत कुकर गेला, ट्रॅक्टर गेला, खोकला गेला. ट्रॅक नाहीत, टेम्पो नाही, मेहुणा नाही. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मग दिसलं की ओळीओळींमध्ये लांबलचक शांतता आहे. बिचारी दम घेत असेल. तेवढी शांतता काढायचीही एक आज्ञा होती. ती दिली. चाळीस मिनिटांची गाणी बावीस मिनिटांत बसली. त्याच नावाने जतन केलं. फोन भरला होता, म्हणून तिथली मूळ फाइलही उडवली. नीटनेटकेपणाची मला लहानपणापासून हौस.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने भडगावला गेलो. अक्काचा आवाज पत्रा ओढल्यासारखा झाला होता. मी स्पीकर लावला. ती दोन ओळी ऐकून माझ्याकडे बघायला लागली.

"हाई कोन शे रे भाऊ? इले काय यस्टी पकडनी शे का?"

"तूच आहेस अक्का."

"मंग पोरीस्नी जागा कथी गई?"

पोरींची कसली जागा, मला कळेना. मग तिने हाताने झोका दाखवत, पुन्हा पुन्हा थांबत समजावलं. एक ओळ सांगणारीने म्हणायची आणि थांबायचं. झोक्यावरच्या पोरी तीच ओळ उचलतात. ती संपली की पुढची. अंगणात एकटी बसून तिने दर ओळीनंतर समोर नसलेल्या पोरींची ओळ मनात म्हणून घेतली होती. तेवढ्या जागा तिने राखल्या होत्या आणि त्या मी कचरा म्हणून झाडून टाकल्या होत्या. मी पुरुष माणूस, आखाजीच्या झोक्यापासून कायम लांब. पण हे म्हणजे काही उत्तर नव्हे.

"पुन्हा म्हणता यायचं नाही आता," ती म्हणाली. रागाने नाही. म्हणून जास्त लागलं.

लॅपटॉप उघडला. ते साधं सॉफ्टवेअर जितकं सरळ तितकंच निर्दय निघालं. कापलं ते फाइलीतूनच गेलं, जतन करून बंद केल्यावर परत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मी पिंप्राळ्याला फोन लावला.

"भाऊजी, मूळ फाइलला मी बोटही लावलेलं नाही," मेहुणा म्हणाला. "आमच्याकडे कापणं म्हणजे कुठून कुठे वाजवायचं याची नुसती नोंद. मूळ आवाज तसाच राहतो. मी पहिल्याच दिवशी सांगत होतो, तुम्ही चहा पीत होता."

यानंतर वीस मिनिटं त्याने मला दोन प्रकारच्या सॉफ्टवेअरांतला फरक सांगितला. मी मध्ये एकदाही बोललो नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे खरं वाटत नाही. शेवटी त्याने विचारलं, "टकटक ठेवू का?"

"फक्त मूळ पाठव," मी म्हणालो. "आहे तशी."

आखाजीला अक्काच्या अंगणात झोका बांधला. लेकी, सुना, शेजारच्या पोरी जमल्या. स्पीकरमधली अक्का एक ओळ म्हणून थांबली आणि पोरींनी ती बरोबर उचलली. मी यावेळी कशालाच हात लावला नव्हता. तिसऱ्या गाण्यात कुकरने शिट्टी दिली, नेमकी पोरींच्या जागेत.

"मामा, ही कोण हो नवीन?" धाकटी भाची झोक्यावरून ओरडली आणि सगळ्या हसत सुटल्या.

मेहुण्याचा निरोप आला होता, प्रोजेक्ट उघडाच ठेवलाय, ढोलकी कधीही टाकता येईल. मी फोन खिशात टाकला. अक्का खाटेवर बसली होती. पुढच्या गाण्यात तिची ओळ संपली, पोरींनी ती उचलली आणि त्यांच्या आवाजात एक पत्र्यासारखा आवाज मिसळला. आजवर ओळ सांगणारी अक्का पोरींबरोबर तीच ओळ मागून म्हणत होती.