वाणाचे चाळीस डबे

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते आणि मला नियम करायला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी माझाच एक नियम होता.

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत बहुतेक घरं गिरणीतली. माझ्या घरी मात्र नवऱ्याचा पोस्टातला आणि माझा शाळेतला असे दोन पगार येत. त्यामुळे गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आपोआप देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. चाळीचं गणेशोत्सव मंडळ होतं आणि त्याला शेपटासारखं चिकटलेलं आमचं महिला मंडळ. मी त्याची चिटणीस. संक्रांतीला हळदीकुंकू आणि गणपतीत रांगोळी, यापलीकडे आमचं समाजकार्य कधी गेलं नव्हतं.

संप सुरू झाला तो नेमका संक्रांतीच्या दिवसांत. हळदीकुंकवाला बायकांना वाण द्यायचं म्हणून आम्ही चाळीस स्टीलचे डबे आणून ठेवले होते. किलोभर तांदूळ मावेल असे, घट्ट झाकणाचे. आठ-पंधरा दिवसांत संप मिटेल, मग सावकाश करू, असं म्हणून हळदीकुंकू पुढे ढकललं. रथसप्तमी गेली, शिमगा गेला. डब्यांचं खोकं मंडळाच्या खोलीत तसंच पडून राहिलं.

शिमग्यानंतर घरं चालेनाशी झाली. ज्यांना जमलं ते कोकणात गावी गेले. उरलेल्यांच्या स्टोव्हचा आवाज आधी संध्याकाळचा बंद झाला, मग दुपारचा. चाळीत असल्या गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत, भिंतीतून कळतात. मंडळाने धान्य वाटायचं ठरवलं. लालबागच्या दुकानदारांनी तांदळाची पोती दिली, डाळ दिली. एका रविवारी सकाळी खोलीच्या दारात वाटप ठेवलं आणि एकही माणूस आला नाही. समोर पत्ते खेळत बसलेले पुरुष जागचे हलले नाहीत. रांगेत उभं राहून तांदूळ घ्यायचे म्हणजे आपण भिकेला लागलो हे चारही मजल्यांना ओरडून सांगण्यासारखं होतं.

तेव्हा मला ते डबे आठवले. चाळीत एका घरातून दुसऱ्या घरात डबा जातच असतो. कधी सुकटीची चटणी, कधी शेवयांची खीर. पदराखाली डबा घेऊन कुणी जिना चढली तर कुठे निघालीस म्हणून कुणी विचारत नाही. मग आम्ही पाच-सहा जणींनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी डबे पोचवायला सुरुवात केली. डबाभर तांदूळ आणि वर कागदाच्या पुडीत डाळ. दार अर्धं उघडायचं, डबा आत जायचा, दोन शब्द भलत्याच विषयावर बोलायचे. सगळ्यांनी घेतला. अध्यक्ष म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, खात्याचे मुकादम, कौतुकाला महाकंजूष. तेसुद्धा म्हणाले, "बाई, डोकं चाललं हं तुमचं." मी खूश झाले.

डबे चाळीसच आणि ते घेणारी घरंही तेवढीच. म्हणून मी नियम केला की जुना डबा परत आल्याशिवाय नवा भरायचा नाही. डबे धुऊन-पुसून येऊ लागले, पण रिकामा एकही येईना. कुणी चार आमसुलं घातलेली, कुणी चिमूटभर साखर, बऱ्याच जणींनी मूठभर तांदूळ. शेजारणीचं भांडं रिकामं पाठवू नये, हे आम्हां सगळ्यांना आयांनी शिकवलेलं. मला तर भरूनच आलं. आमसुलं वेगळी काढायची आणि तांदळाच्या मुठी पोत्यात ओतायच्या, अशी मी व्यवस्था लावून दिली. एवढ्या ओढगस्तीतही लोकांना जाण आहे, असं मी सभेत बोलूनही दाखवलं.

आषाढ लागला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून डबा आला नाही. ती बाई मालवणकडची, नवरा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, दोन मुली. मोठी माझ्या वर्गात होती. बरे दिवस असताना हिच्याकडे काही पाठवायची सोय नव्हती. आपण वाटीभर द्यावं आणि हिने गोड रसातल्या खापरोळ्यांनी भरलेलं पातेलं परत धाडावं. मंगळवारी डबा नाही, शुक्रवारी नाही. नियम म्हणजे नियम. त्या घरचे तांदूळ थांबले. पुढच्या मंगळवारीही नाही. आमच्यातली एक म्हणाली, स्टीलचं भांडं आहे, गेलं असेल मोडीत. दुसरी म्हणाली, एकीला सोडलं तर सगळ्या तसंच करतील. हे दुसरं वाक्य खरं तर माझंच होतं. दुसऱ्याच्या नावावर खपवायची सवय जुनी आहे, म्हणून तसं लिहिलं.

त्या शुक्रवारी शाळेत तिची मोठी मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपली. मी तिला उठवलं, ती बसली, पुन्हा झोपली. दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. काळजीने गेले असं म्हणायला मला आवडेल, पण मी डबा मागायलाच गेले होते.

डबा मांडणीवर पालथा घातलेला होता, घासून लख्ख. तिने मला पाट दिला, पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही आणि त्याची तिला इतकी लाज वाटत होती की तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी म्हटलं, "वहिनी, डबा घरातच आहे की. मग पाठवला का नाहीत?"

"रिकामो कसो देवचो, बाई?"

"अहो, रिकामाच द्यायचा. आम्हांला डबा हवाय फक्त."

ती मांडणीकडे वळली. मग म्हणाली, "इतके दिवस तुमच्याच तांदळातली मूठ काढून ठेवी होतंय. सगळीच तसा करतत. पण आता चेडवांच्या तोंडातलो घास काढूक हात जाणा नाय. आणि रिकामो धाडूक पण जाणा नाय. मगे ठेवलंय."

मला पोतं आठवलं. चार महिने मी त्या मुठी मोठ्या अभिमानाने पोत्यात ओतत होते. चाळीस घरांतली पोरं मूठभर कमी जेवत होती आणि मी सभेत जाण या विषयावर भाषण करत होते. रांगेत भीक म्हणून दिलं असतं तर निदान कुणाला परतफेड करावी लागली नसती. आम्ही शेजारधर्माचं सोंग घेतलं आणि त्यांनी शेजारधर्म खराच पाळला. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही फारशी नाही.

"द्या तो डबा," मी उठत म्हटलं.

तिने डबा हातात घेतला, पण सोडेना. तिने खोलीभर नजर फिरवली. शेवटी माठाचं झाकण काढलं, डबा पाण्याने भरला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. "पाणी तरी न्या," म्हणाली.

तीन जिने मी तो भरलेला डबा दोन्ही हातांत धरून उतरले. ते पाणी ओतून द्यायचं कुठे? मंडळाच्या खोलीत बसून मी ते प्यायले. सगळं नाही, जमलं तेवढं. उरलेलं खोलीतल्या माठात घातलं. समोर डब्यांचं रिकामं खोकं होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात खडूने "वाण" असं लिहिलेलं होतं. वाण कुणी परत करत नाही. वाण परत करायचंच नसतं.

डबा पुसून तांदळाने गच्च भरला. घरी जाऊन हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि पुन्हा तीन जिने चढले.

ती दारातच म्हणाली, "आषाढात कसला हळदीकुंकू, बाई?"

"संक्रांतीचं राहिलंय. संपामुळे राहिलं," मी म्हटलं. "पुढे या."

मी तिला हळदकुंकू लावलं आणि डबा तिच्या ओटीत ठेवला. "वाण आहे," म्हटलं, "परत आणलंत तर मला अपशकुन होईल." अपशकुनाचं मी तिथल्या तिथे रचलं. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता ती रडणार असं मला वाटलं, पण ती रडली नाही. कोयरी माझ्या हातातून घेऊन तिने मला कुंकू लावलं, अगदी सावकाश. तिच्या बोटाला माठाच्या पाण्याचा गारवा होता.

पुढच्या मंगळवारपर्यंत चाळीसही डबे वाण म्हणून देऊन टाकले. दोन घरांत नवरा वारलेल्या बायका होत्या, त्यांच्या दारातही कोयरी नेली. काहींनी नाकं मुरडली, मुरडू देत. त्यानंतर तांदूळ वर्तमानपत्राच्या पुड्यांत जाऊ लागले. पुडा परत करायचा नसतो.

संप कुणी मागे घेतल्याचं मला आठवत नाही. तो हळूहळू नुसता नावाला उरला. तिचा नवरा पुढे कुठल्याशा इमारतीवर वॉचमन झाला. वर्षभराने ती मुलींना घेऊन गावी गेली. सामानाच्या ट्रंकेत डबा होता, मी पाहिला.

पुड्यांची पद्धत सुरू झाल्यावर महिन्याभराने अध्यक्षांनी सभेत विषय काढला. आमसुलं येत नाहीत, साखर येत नाही, मूठभर तांदूळही कुणी परत धाडत नाही. "बघा बाई," ते म्हणाले, "लोकांना आता जाण राहिली नाही."

"बरं झालं," मी म्हटलं.